नव्वदातली पंचाहत्तर मिनिटं

बसा बाप्पा, चहा येतोय. तोवर तक्रार ऐकून घ्या. ती माझ्या एकट्याची नाही. वैज्ञानिक संगणनाच्या परिषदेत ‘हँड्स-ऑन’ सत्राला ज्यानं ज्यानं लॅपटॉप उघडला, त्या प्रत्येकाची आहे.

अकोल्याच्या जठारपेठेतून मुंबईच्या परिषदेला जायचं म्हणजे रात्री विदर्भ एक्सप्रेस धरायची आणि सकाळी डोळे चोळत नावनोंदणीच्या रांगेत उभं राहायचं. सोबत कृषी विषयाचा एक विद्यार्थी होता. त्याच्या पेनड्राइव्हमध्ये पावसाच्या नोंदींची सीएसव्ही फाइल. ती पायथनच्या पांडाजमध्ये उघडायची आणि मॅटप्लॉटलिबनं आलेख काढायचा, एवढंच त्याला शिकायचं होतं.

सत्र नव्वद मिनिटांचं. पहिल्याच स्लाइडवर आदेश: ‘आधी अ‍ॅनाकोंडा इन्स्टॉल करून घ्या.’ आधी म्हणजे केव्हा? तर आत्ता! आता तुम्हीच हिशेब करा. पायथनच्या या गठ्ठ्याचा इन्स्टॉलर जवळपास एक जीबीचा. खोलीत साठेक माणसं. म्हणजे भिंतीवरच्या एकुलत्या एका राउटरनं साठ जीबी ओढायचे. विजेची सॉकेटं दोन, दोन्ही वक्त्याच्या टेबलामागे. डाउनलोडची पट्टी सरकेना, बॅटरी मात्र उतरत चालली. वक्ते सज्जन होते. म्हणाले, ‘ज्यांचं झालं नाही, त्यांनी शेजाऱ्याच्या स्क्रीनवर बघा.’ शेजारी माझ्याच स्क्रीनवर बघत होता.

पंचाहत्तर मिनिटं अशी गेली. उरलेल्या पंधरात स्लाइडी अशा पळाल्या, की पोराची फाइल उघडायचीच राहिली. सत्र संपल्यावर सहभागाचं प्रमाणपत्र मात्र प्रत्येकाला, सही-शिक्क्यासह. त्यावर लिहिलेलं, ‘प्रत्यक्ष प्रशिक्षण पूर्ण केले.’ याला काय म्हणायचं?

बरं, यावर उपाय नाही असंही नाही. 1998 पासून सॉफ्टवेअर कार्पेंट्रीवाले शास्त्रज्ञांना प्रोग्रामिंग शिकवतात. काय इन्स्टॉल करून यायचं ते त्यांच्याकडे आधीच कळवतात. शिकवणारा स्लाइडी पळवत नाही, सगळ्यांसमोर एकेक ओळ टाइप करतो. प्रत्येकाजवळ दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या असतात: झालं तर एक रंग लॅपटॉपवर लावायचा, अडलं तर दुसरा. मदतनीस रंग बघून धावत येतो, हात वर करून ताटकळावं लागत नाही. आपल्याकडेही आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलमध्ये पायथनचे छोटे धडे आहेत. थांबवत, मागे नेत, आपल्या गतीनं शिकता येतं. ते जठारपेठेत घरबसल्या जमतं. पण रात्रभराचा प्रवास करून माणूस जातो, तो अडल्यावर शेजारी येऊन बसणाऱ्या जाणत्यासाठी. तोच मिळत नसेल, तर हा अन्याय आहे, आणि त्याची नोंद व्हायला हवी.

म्हणून आयोजकांकडे माझी लेखी मागणी आहे: इन्स्टॉलर आठ दिवस आधी कळवा, दहा पेनड्राइव्ह भरून ठेवा, प्रत्येक रांगेला एक्स्टेन्शन बोर्ड द्या. चिकटचिठ्ठ्या इकडे स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. दोन्ही रंगांचे गठ्ठे मी स्वखर्चानं पाठवीन. फक्त पत्ता कळवा.