बिनगव्हाचे काका

प्रत्येक सोसायटीत एक पार्किंगवाले काका असतात, एक पाण्याच्या टाकीवाले काका असतात आणि एक सगळ्यांना फुकट होमिओपॅथीच्या गोळ्या वाटणारे काका असतात. अलीकडे या मंडळात नव्या काकांची भर पडली आहे: बिनगव्हाचे काका. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर असतं, पण ते कुणी वापरत नाही. "कोण, ते बिनगव्हाचे का?" म्हणत वॉचमनसुद्धा पाहुण्याला बरोबर त्यांच्याच जिन्याकडे पाठवतो.

हॉटेलात त्यांना ओळखणं फार सोपं. बाकीचे लोक आत शिरल्यावर रिकामं टेबल शोधतात, हे थेट भटारखान्याच्या दाराशी जाऊन उभे राहतात. भाकरीचा तवा आणि चपातीचा तवा एकच आहे की वेगळा, समोसे ज्या कढईत तळले त्याच कढईत बटाटेवडे सोडताहेत का, याची डोळ्यांनी पाहणी झाली की मगच खुर्ची ओढतात. नवखा मालक त्यांना अन्न व औषध प्रशासनाचा माणूस समजतो आणि गल्ल्यावरून उठून नमस्कार करतो. काकाही त्याचा गैरसमज लगेच दूर करत नाहीत. तेवढ्या वेळात तवा पुसून होतो.

काकांचं हे काही खूळ नव्हे. त्यांना सिलिअ‍ॅकचा आजार आहे. कित्येक वर्षं पोट फुगायचं, वजन उतरायचं आणि लोहाच्या गोळ्यांचा डोंगर पोटात जाऊनही हिमोग्लोबिन काही चढायचं नाही. 'अ‍ॅसिडिटी', 'दगदग' आणि 'बाहेरचं खाणं कमी करा' ही तिन्ही निदानं झाल्यावर एका डॉक्टरांनी रक्ताची चाचणी करून घेतली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासला आणि चोर सापडला. गहू, सातू आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की अशा माणसाची प्रतिकारशक्ती बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला चढवते. अन्नरस शोषून घेणारे आतले बारीक अंकुर त्यात झडून जातात. यावर गोळी नाही, काढा नाही. आहे ते फक्त जन्मभराचं पथ्य.

गहू हाच चोर, या शोधाचं आख्यान काका कीर्तनकाराच्या रंगात लावतात. दुसरं महायुद्ध, 1944-45चा हिवाळा, नेदरलँड्समध्ये अन्नान्नदशा. देश उपाशी, पण विलेम-कारेल डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालची याच आजाराची मुलं पाव मिळेनासा झाल्यावर सुधारू लागली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. डिके यांचा गव्हावरचा संशय आधीपासूनचा होता. 1950मध्ये त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. इथवर येईतो श्रोत्यांच्या ताटातल्या पुऱ्या गार झालेल्या असतात.

आख्यान सगळ्यांना पटतं. अडचण सुरू होते ती नंतर. आपल्याकडे गहू म्हणजे फक्त चपाती, अशी सर्वसाधारण समजूत आहे. "गहू चालत नाही ना, मग शिरा करते," असं काकांच्या सख्ख्या मावसबहिणीनं प्रेमानं सुचवलं होतं. शिरा नको म्हटल्यावर शेवयांची खीर आली, तीही परत गेल्यावर "मैद्याची बिस्किटं तरी घे रे," म्हणून डबा पुढे सरकला. गहू दळून, भरडून, चाळून वेगळ्या नावानं आला की आपले लोक त्याला वेगळं धान्य मानतात. हॉटेलातही हेच.

"डोशात मैदा घालता का रे?"

"छे काका. प्युअर तांदूळ-उडीद."

"नक्की?"

"नक्की. थोडा रवा असतो, कुरकुरीत व्हायला."

"रवा कशाचा असतो?"

वेटर क्षणभर विचारात पडतो. "रव्याचाच," तो म्हणतो.

काका डोसा सोडून देतात आणि सांबाराकडे वळतात, आणि तिथून हिंगाचं प्रकरण निघतं. हिंगाचा मूळ चीक इतका उग्र असतो की तो तसाच फोडणीत टाकणं कठीण. म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळून तो वापरण्याजोगा करतात. हे पीठ काही कंपन्या तांदळाचं घालतात, पुष्कळ कंपन्या गव्हाचं. म्हणजे आमटी, कढी, मसालेभात, उसळ, लोणचं, उडदाचा पापड, जिथे जिथे मराठी माणसाची चिमूट पोचली तिथे तिथे गहू पोचला. काकांनी "हिंग कुठला?" असं विचारलं की वेटर अभिमानानं सांगतो, "एकदम भारीतला!" हॉटेलातला सगळ्यात नम्र माणूसही इथे कंटाळतो. "अहो, पातेलंभर सांबाराला चिमूटभर हिंग, त्यात पीठ ते किती?" मालकाचा हिशेब चुकीचा नाही. पण आतड्याला हिशेब येत नाही. बिनग्लूटेनचं म्हणून विकायच्या पदार्थाला कायद्यानं मुभा आहे ती किलोमागे 20 मिलिग्रॅम ग्लूटेनपर्यंतची. चिमटीचा कारभार चालतो तो या पातळीवर.

बरं, भाकरीचं तरी सुख असावं? "अस्सल ज्वारीची" अशी पाटी असते. काका विचारतात, मालक छातीवर हात ठेवतो, आणि आतून भाकरी करणाऱ्या मावशी खरं बोलून जातात: "कणीक घालतो की थोडी, नाहीतर लाटताना मोडते ना!" हॉटेलातल्या घाईच्या भाकऱ्या थापायला वेळ नसतो, त्या लाटतात, आणि लाटायच्या तर चिकटपणा हवा. तो चिकटपणा म्हणजेच ग्लूटेन. मिसळीच्या तर्रीत काही नसलं तरी वरच्या फरसाणात मैद्याची पापडी दडलेली असते. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी मूठभर गहू जातोच. चायनीजच्या गाडीवर तर काका फिरकतच नाहीत, कारण सोया सॉससुद्धा बहुधा गहू घालूनच आंबवलेला असतो.

घरी तरी निवांत असावं, तर गिरणी आडवी येते. गव्हामागून ज्वारी दळली की आधीच्या दळणाचं पीठ ज्वारीत उतरतं. "ज्वारीवर ज्वारी टाक," हे तर आपल्या सगळ्या बायका सांगतात, पण काकांना त्याआधीच्या दळणाचाही इतिहास लागतो. गिरणीवाला पहिल्यांदा हसला, नंतर वैतागला, शेवटी लांबून काका दिसले की जात्याचा पट्टा काढून "मशीन बंद आहे" म्हणू लागला. मग काकांनी घरघंटी घेतली. ती घरी आली त्याच संध्याकाळी शेजारच्या वहिनी गव्हाचा डबा घेऊन दारात हजर. "एवढे किलोभर दळून द्या ना, भाऊजी." त्यावर काका जे म्हणाले ते सोसायटीत अजून सांगितलं जातं: "वहिनी, गाडीची किल्ली मागा, देतो."

या सगळ्यातून काकांनी एक तोड काढली आहे, आणि ती अस्सल मराठी आहे. काका पक्के नास्तिक. सत्यनारायणाच्या प्रसादाला तत्त्वासाठी नकार देणारे. (आता शिऱ्यासाठीही देतात.) पण तिथी त्यांना भटजींपेक्षा पाठ असतात. कारण हॉटेलात "मला ग्लूटेन चालत नाही" म्हटलं की "थोडं चालेल ना?" असा प्रश्न येतो. "उपवास आहे" म्हटलं की सगळं स्वयंपाकघर सावध होतं. वेगळं पातेलं निघतं, चमचा धुतला जातो, हिंग आपोआप बाहेर राहतो, कणकेचा हात लांब जातो. आतड्याच्या अंकुरांना कुणी घाबरत नाही, विठोबाला घाबरतात. साबुदाणा कंदाचा, वरी तर भरडधान्य, राजगिरा, शिंगाडा, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस: उपवासाचं सगळं पान काकांसाठीच मांडल्यासारखं. आषाढी एकादशीला पंढरपूरची वाट न धरता इतका आनंद होणारा दुसरा माणूस महाराष्ट्रात नसेल. फक्त साबुदाणावड्याची कढई ते याही दिवशी बघून घेतात. एकदा भलत्याच बुधवारी शेजारच्या टेबलावरच्या आजींनी कौतुकानं विचारलं, "आज कसला हो उपवास?" काका गंभीरपणे म्हणाले, "गव्हाचा. कडक असतो."

लग्नात मात्र ही मात्रा चालत नाही, कारण तिथे आग्रह नावाची शक्ती वावरत असते. नवरीचे मामा जिलबीचं ताट घेऊन येतात. "एकच. शुभकार्य आहे." काका हात जोडतात. "अहो, मनात काही आणू नका, काही होत नाही." काका पानावर हात आडवा धरतात. मामा दुखावतात, मामी बोलावल्या जातात, आणि शेवटी पंगतभर काकांच्या आतड्यावर परिसंवाद होतो. काकांच्या पानात त्या वेळी पांढरा भात, तूप, काकडीची कोशिंबीर, मीठ आणि लिंबू एवढंच असतं. श्रीखंड समोर असतं, पण वाढप्याचा हात पुरीवरून श्रीखंडाकडे आणि श्रीखंडावरून पुरीकडे जाताना काकांनी पाहिलेला असतो.

काकांना सगळ्यात जास्त राग येतो तो बिनगव्हाच्या हौशी जमातीचा. एक जानेवारीला गहू सोडायचा, "हलकं वाटतंय" म्हणायचं, संक्रांतीला गूळपोळी आली की "आज चालतं" म्हणायचं. हीच मंडळी हॉटेलात चपाती परत पाठवतात आणि शेवटी गुलाबजाम मागवतात. ते पाहिलेला वेटर दुसऱ्या दिवशी काकांच्या तोंडावर हसतो, त्यात त्याचा काय दोष? शिवाय ज्यांना खरोखर त्रास आहे, ते या हौसेत परस्पर गहू सोडतात आणि मग तपासायला जातात. गहू आधीच बंद असेल तर रक्ताची चाचणी निर्दोष येऊ शकते आणि आजार लपून राहतो. आधी तपासणी, मग पथ्य, हा क्रम काका जिन्यात भेटेल त्याला ऐकवतात.

इतकं असूनही काकांइतकं चांगलं खाणारा माणूस आमच्या ओळखीत नाही. त्यांच्या डोक्यात महाराष्ट्राचा नकाशा जिल्ह्यांचा नसून भाकऱ्यांचा आहे. कोकणात तांदळाची भाकरी, घावणे, आंबोळ्या आणि नारळाच्या रसातल्या शिरवळ्या. पण कोंबडी-वड्यांच्या पिठात गहू आहे का ते विचारायचं, आणि मालवण असो की गोवा, मासे रव्याऐवजी तांदळाच्या पिठात तळून मागायचे. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी पिशवीत असली की काका दिल्लीपर्यंत निर्भय. जळगावला वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी, कोल्हापूरला ज्वारीच्या भाकरीबरोबर तांबडा-पांढरा, थंडीत शेतावर हुरडा. 1995मध्ये राज्यात सरकारी योजनेतून एक रुपयाला झुणका-भाकर मिळायची, तेव्हा तिच्याकडे नाक मुरडणारे काका आता तिची आठवण काढून हळहळतात. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि तीच भाकरी काचेच्या दारांच्या हॉटेलात पिझ्झाच्या भावात आली. तिथेही काका आत जाऊन तवा बघून आले.

त्यांची लाडकी खानावळ मात्र एका गल्लीत आहे. तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी नेहमीचा प्रश्न टाकला, "हिंगात गहू आहे का?" खानावळवाल्या बाई "नाही हो" म्हणाल्या नाहीत, "थोडं चालतं" म्हणाल्या नाहीत. "मला नाही माहीत. थांबा," म्हणून आत गेल्या आणि हिंगाची डबी घेऊन आल्या. दोघांनी चष्मे चढवले. डबीवरची बारीक अक्षरं उजेडाकडे धरून वाचली. गव्हाचं पीठ निघालं. बाई म्हणाल्या, "मग आमटी नका घेऊ. लसूण-जिऱ्याची वेगळी फोडणी देते." चपातीच्या तव्याला हात न लावता त्यांनी दुसरा तवा चुलीवर ठेवला, परात धुतली, घरच्या घंटीचं पीठ काढलं आणि भाकरी थापली. काका त्या दिवशी प्रश्न न विचारता जेवले. घरच्यांना हे खरं वाटलं नाही.

या माणसाला जेवण कमी पडत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी यांवर महाराष्ट्र पिढ्यान् पिढ्या जगला आहे. कमी पडतं ते सरळ उत्तर. तेव्हा तुमच्याकडे असे काका, मावशी किंवा एखादं शाळकरी पोर पथ्य सांगत जेवायला आलं, तर डबीवरचं वाचा, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, आणि 'एवढ्याशानं काय होतंय' हे वाक्य गिळून टाका. आग्रह करायचाच असेल तर श्रीखंडाच्या दुसऱ्या वाटीचा करा. चमचा तेवढा धुतलेला घ्या.