दूध 'ऑफ' गेलं

लीड्स,
रविवार, 14 जून

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. "एव्हाना तिथल्या इंग्रजीची सवय झाली असेल," असं तुम्ही लिहिलंय. बाबा, मला इथल्या इंग्रजीची झाली, पण तुम्ही शिकवलेल्या इंग्रजीची इथे कुणाला सवय नाही. पोस्टपोन, टॉलरेट, इन्व्हेस्टिगेट, एक्स्टिंग्विश हे शब्द तुम्ही आमच्याकडून स्पेलिंगसकट घोटून घेतलेत. इथे ते बँकेच्या पत्रात भेटतात, नाहीतर जिन्यातल्या आग विझवायच्या लाल नळकांड्यावर. माणसं बोलतात ते 'पुट ऑफ', 'पुट अप विथ', 'लूक इन्टू' आणि 'पुट आउट'. पुट म्हणजे ठेवणे, एवढ्या भांडवलावर आम्ही विमानात बसलो.

एकट्या 'गो ऑफ'चंच बघा. सकाळी गजर 'गोज ऑफ', म्हणजे वाजायला लागतो. मग तो 'टर्न ऑफ' करायचा, म्हणजे बंद. दिवे 'गो ऑफ' झाले म्हणजे गेले. दूध 'गॉन ऑफ' म्हणजे नासलं. आणि ऑफिसातल्या एक बाई परवा म्हणाल्या, "आय हॅव गॉन ऑफ कॉफी," म्हणजे कॉफी त्यांच्या मनातून उतरली. आईला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, "नासलं म्हणायला काय होतं त्यांना?"

मागच्या महिन्यात तुमच्या जावयांचं रक्त तपासायचं होतं. नर्स हसतमुख. "पॉप युवर जॅकेट ऑफ." मग "पॉप अप ऑन द काउच." मग "पॉप युवर आर्म आउट." निघताना "पॉप बॅक इन अ वीक." यांनी बिचाऱ्यांनी पॉपचा संबंध आजवर फक्त मक्याच्या लाह्यांशी लावलेला. इथे लोक दुकानात पॉप होऊन येतात, शेजाऱ्याकडे पॉप होतात, चहाची किटलीसुद्धा पॉप ऑन करतात. यामागे मला तरी सभ्यपणा दिसतो. 'जॅकेट काढा, पलंगावर चढा' हा हुकूम झाला. पॉप लावलं की तेच काम चुटकीसरशी होणारं, कुणाला तोशीस न देणारं वाटतं. 'जरा सरका', 'जरा हात पुढे करा' यातल्या आपल्या 'जरा'ची नोकरी इथे पॉप करतो.

शेजारच्या आजींनी एकदा तुमच्या नातवाला फाटकापाशी गाठून विचारलं, "सो, व्हेन डू यू ब्रेक अप?" नऊ वर्षांचं पोर! मी खिडकीतून कान टवकारले. तो शांतपणे म्हणाला, "जुलैच्या शेवटी." शाळेला सुट्टी लागते, त्याला हे ब्रेक अप म्हणतात.

पुढची गोष्ट मात्र सांगू की नको असं झालंय. याच आजींचा म्हातारा लॅब्रॅडोर बरेच दिवस आजारी होता. त्याला उचलून गाडीत ठेवताना आजोबांची होणारी दमछाक आम्ही रोज बघत होतो. एका सकाळी आजी डोळे पुसत म्हणाल्या, "वी हॅड टू पुट हिम डाउन." तुमचे जावई कळवळून म्हणाले, "येस, ही वॉज व्हेरी हेवी." आजी बघतच राहिल्या. असाध्य आजारी जनावराला डॉक्टरकडून सुई देऊन कायमचं झोपवतात त्याला 'पुट डाउन' म्हणतात, हे घरात आल्यावर लेकाने बापाला सांगितलं. संध्याकाळी हे शिऱ्याचा डबा घेऊन माफी मागायला गेले. आजींनी डबा ठेवून घेतला, आणि कुत्रा होता मात्र जडच, असंही म्हणाल्या.

यात व्याकरण नाही असं समजू नका. 'टर्न ऑफ द लाइट' म्हणा की 'टर्न द लाइट ऑफ', दिवा बंद होतो. पण लाइटच्या जागी 'इट' आला की तो मधेच बसणार, स्कूटरवर आईबाबांच्या मधे पोर बसतं तसा: 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' चालत नाही. उलट 'लूक आफ्टर'मध्ये त्याला मधे शिरकाव नाही, मुकाट्याने मागे बसायचं. हे असं का, ते इथल्या चारचौघांना विचारून पाहिलं. चौघांनीही "ते कानाला बरं वाटत नाही" एवढंच सांगितलं. तुम्ही वर्गात असं उत्तर ऐकून घेतलं असतंत का?

ही तक्रार जुनीच आहे. सॅम्युअल जॉन्सनने 1755 साली आपला कोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच त्याने लिहून ठेवलंय की परक्या माणसाची सर्वांत जास्त अडचण या जोडक्रियापदांपाशी होते. त्यांना 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र छापून मिळालं ते 1925 मध्ये, लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकात. नाव सुचवलं होतं ऑक्सफर्ड कोशाच्या हेन्री ब्रॅडलींनी. स्मिथ जन्माने अमेरिकन, हे मला फार आवडलं. घरच्यांना जे दिसत नाही ते पाहुण्याला दिसतं.

एकाच कामाला एक भारदस्त आणि एक घरगुती असे दोन शब्द का, तेही ऐका. 1066 साली नॉर्मन इथे आले आणि दरबारात, कचेरीत फ्रेंच बसली. लॅटिन चर्चमध्ये होतीच. भारदस्त शब्द या दोन दारांनी आले. चुलीपाशी, गोठ्यात जुनी बोली राहिली. आम्ही दरबाराच्या दाराने इंग्रजीत शिरलो. इथली पोरं स्वयंपाकघराच्या दाराने शिरतात, म्हणून 'पिक मी अप' त्यांना दुसऱ्या वर्षी येतं आणि 'एक्स्टिंग्विश' शाळेत गेल्यावर.

ऑफिसात माझ्या शेजारी पोलंडची एक मुलगी बसते. तिचंही रडगाणं हेच. "तुमच्या भाषेत असलं काही नसेल," असं म्हणाली. मी म्हटलं, ऐक. आम्हाला भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते, मग लग्न लागतं आणि शेवटी वाट लागते. ती आपल्या कॉम्प्युटरकडे वळली.

आईला मात्र हे इंग्रजी चटकन जमेल. 'ईट अप', 'ड्रिंक अप', 'टायडी अप' यातला अप म्हणजे 'वर' नव्हे, तो काम पुरतं उरकायला लावतो. आई 'खाऊन टाक, पिऊन टाक, आवरून टाक' म्हणते तेव्हा टाकायचं काहीच नसतं. ताटात तर मुळीच टाकायचं नसतं.

आपले काही घरगुती प्रयोग इथे चालत नाहीत. दादरला आपण 'गेट डाउन' होतो, इथे बसमधून 'गेट ऑफ' व्हायचं. आपली 'प्रीपोन' झालेली मीटिंग इथे 'ब्रॉट फॉरवर्ड' असते, आणि पुढे ढकललेली मीटिंग 'पुट बॅक'. पुढे ढकलली की बॅक! यांच्या पहिल्या बायोडेटात 'पास्ड आउट फ्रॉम सांगली' असं ऐटीत लिहिलेलं होतं. इथे पास आउट होणं म्हणजे शुद्ध हरपणं. मुलाखतीत एका बाईंनी काळजीने विचारलं, "आता बरं आहे ना?"

वरच्या मजल्यावरच्या काकूंचा नातू सप्टेंबरात इकडे शिकायला येतोय असं आई म्हणाली. तो रोज अवघड शब्दांची यादी पाठ करतोय म्हणे. करू दे, परीक्षेत उपयोगी पडतील. पण इथे घर मिळवायला, बस पकडायला, दवाखान्यात आणि दुकानात त्याला पुट, गेट, टेक, गो आणि टर्न एवढीच मंडळी भेटणार आहेत. ती याद्या करून वश होत नाहीत. त्यापेक्षा रोज अर्धा तास इथल्या मालिका ऐकायला सांगा, खाली अक्षरं न लावता. आणि बाबा, त्याचा बायोडेटा एकदा तुमच्या नजरेखालून घाला. त्यात 'पास्ड आउट' असेल तर लाल शाईने खोडा.

आईला नमस्कार.

तुमची,
मंजू