नंदीला विचारा

परवा पुण्यात स्वतंत्र नृत्यरचनाकारांच्या नव्या समकालीन रचनांची संध्याकाळ पाहिली. पहिल्या रचनेत नर्तक ११ मिनिटं भिंतीला टेकून उभा. पत्रकात लिहिलेलं, 'देह अवकाशाशी संवाद साधतो.' अवकाश भरपूर होता. खुर्च्यांवर बहुतेक पुढच्या रचनेतले नर्तकच. मी नंदीबैलासारखी मान डोलावली.

मी हिंगोलीकडचा. आमच्या नरसीच्या नामदेवांना औंढ्याच्या नागनाथाच्या देवळापुढे कीर्तनाला मज्जाव झाला, तेव्हा ते मागे जाऊन रंगले. आख्यायिका म्हणते, देऊळच त्यांच्याकडे फिरलं! नंदी तेवढा जागेवरच राहिला. तो आजही देवळामागे बसलाय. ना अनुदान, ना प्रकाशयोजना, ना पत्रक.

नंतरच्या चर्चेत मी हे सांगितलं. शेजारच्यानं गंभीरपणे वहीत टिपलं : 'साइट-स्पेसिफिक.'