पडद्यामागे विंग हवी

नाट्यगृहाचं टॉकीज करायला फारसं काही लागत नाही. रंगमंचावर पांढरा पडदा ताणायचा, मागच्या भिंतीला प्रोजेक्टरसाठी दोन झरोके पाडायचे, झालं टॉकीज. ग्रँट रोडच्या पिला हाऊस भागातली पारशी नाटकांची थिएटरं अशीच सिनेमाची झाली. उलटा प्रवास मात्र कठीण. टॉकीजचा पडदा उतरवला की मागे निघते एक भिंत आणि भिंतीवर पाल. विंगा नाहीत, रंगपट नाही. रागानं तरातरा निघून जाणाऱ्या नायिकेनं जायचं कुठं? ती बिचारी खांबाआड उभी राहते आणि पुढचा प्रवेश संपेपर्यंत तिचा पदर प्रेक्षकांना दिसत राहतो.

म्हणूनच, जी चित्रपटगृहं पुन्हा नाटकाची झाली, त्यांच्या पोटात बहुधा आधीपासून एक रंगमंच दडलेला असतो. गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाऊस घ्या. 1911 मध्ये पंचम जॉर्ज येऊन उद्घाटन करून गेले, तेव्हा बांधकाम पुरं व्हायचं होतं. आधी फीत, मग वीट, ही रीत आपण उगाच आपल्या पुढाऱ्यांच्या नावावर खपवतो. 1913 मध्ये त्याच गिरगावात, कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये, दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. ऑपेरा हाऊसनं त्यानंतरही बालगंधर्व ऐकले, मास्टर दीनानाथ ऐकले, पृथ्वीराज कपूर पाहिले. पण हळूहळू घरात सिनेमाचाच शब्द चालू लागला. नाटक आणि सिनेमा म्हणजे एका घरातल्या जावा. धाकटीनं थोरलीला माजघरातून हुसकलं खरं, पण इतकी वर्षं दिवाबत्तीचा खर्च धाकटीच करत होती, हेही मान्य करायला हवं.

मग घरोघरी व्हिडिओ आणि केबल आली आणि धाकटीचेही दिवस फिरले. 1993 मध्ये दारं बंद झाली. आत ना ऑपेरा, ना सिनेमा. तरी हिरेवाले, टॅक्सीवाले आणि बसचे कंडक्टर 'ऑपेरा हाऊस' म्हणतच राहिले. अखेर वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार झाला आणि 2016 मध्ये वास्तू पुन्हा उघडली.

पण हे संस्थानिकांच्या मालकीचं घर. गोंडलच्या राजघराण्यानं ते सांभाळलं. सामान्यांनी काय करावं? इंग्लंडात मँचेस्टरजवळ स्टॉकपोर्ट गावात प्लाझा नावाचं चित्रपटगृह आहे, 1932 चं. तेव्हा सिनेमाच्या जोडीला नाच-गाणी असत, म्हणून तिथं रंगमंच होता, वादकांसाठी खड्डा होता, जमिनीखालून वर येणारा ऑर्गनही होता. साठीच्या दशकात सिनेमा संपला आणि तिथं बिंगो, म्हणजे आपली हौजी, सुरू झाली. तीस-एक वर्षं लोक आकडे खोडत बसले. बिंगोही आटोपल्यावर गावकऱ्यांच्या न्यासानं इमारत हाती घेतली आणि 2000 मध्ये नाटक, संगीत, सिनेमा सगळंच सुरू केलं. तिकिटं पाहणारे, जागा दाखवणारे बरेचसे स्वयंसेवक. फुकट काम करणाऱ्यालाच कामात खोट काढायचा हक्क असतो, तेव्हा तिथल्या बैठका रंगत असणार यात शंका नाही.

आपल्याकडं अशा माणसांचा तुटवडा आहे का? 1954 पासून राज्य नाट्य स्पर्धा चालू आहे. बँकेतले कारकून, शाळेतल्या बाई, औषधाचे दुकानदार संध्याकाळी कुठल्या तरी वर्गात बाकडी सरकवून तालमी करतात. आणि त्याच तालुक्यात एखादं टॉकीज कुलूप लावून, कुणी मंगल कार्यालय करील या आशेवर उभं असतं. मंगल कार्यालयही एक नाट्यगृहच म्हणा : दोन प्रमुख पात्रं, अत्तर, रोषणाई, आणि प्रेक्षकांचं सगळं लक्ष जेवणाकडे. पण तिथं प्रयोग एकदाच लागतो. नाटकवाल्यांना जागा दिली तर निदान पुढचा प्रयोग जाहीर होईल. तेवढी पडद्यामागची भिंत चार-पाच हात मागे सरकवून द्या. नायिकेचा पदर आत घ्यायचं आम्ही पाहून घेऊ.