बिबडं मोडी गयं!

ॲव्हरेजवाले मास्तर तुमच्याही कंपनीत असतीलच. आमचे एस.टी.तून निवृत्त झालेले. कंपनीच्या ड्रायव्हरांना डिझेल वाचवायला शिकवण्यासाठी धुळ्याहून जळगावला येतात. १९७८ साली स्थापन झालेल्या पीसीआरए या इंधनबचत शिकवणाऱ्या संस्थेच्या पत्रकात ताशी ४५ ते ५५चा वेग, चाकातली हवा, एअर फिल्टर असं सगळं छापलेलं असतं. मास्तर ते पत्रक वाटतात आणि विसरतात.

ॲक्सिलरेटरखाली अंडं आहे असं समजून पाय ठेवा, असं इतर शिकवणारे सांगतात. मास्तर पडले माळकरी. त्यांनी अंड्याच्या जागी बिबडं, म्हणजे पापड, आणलं. ज्वारीचं, वैशाखाच्या उन्हात वाळलेलं, नुसतं बोट लागलं तरी तुकडे होणारं. ड्रायव्हरने जरा पाय दाबला की मागून हाक येते, "बिबडं मोडी गयं रे भो!" सरावाची गाडी धुळ्याहून निघते, फागणे, मुकटी, पारोळा करत एरंडोल येईपर्यंत एका घरचं वर्षाचं वाळवण संपलेलं असतं.

गाडीपुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. मी रजिस्टर जोरात मिटलं की बिबडं मोडतं. लग्नात बँडवाल्यांनी लय वाढवली की मोडतं. एकदा आमच्याकडे जेवायला आले. आत बायकोने कढईवर झाकण आपटलं आणि बैठकीतून आवाज गेला, "मोडी गयं!" तेव्हापासून आमच्या घरची शेवभाजी त्यांना बंद आहे.

मात्र लळिंग घाट उतरताना एका पोराने डिझेल वाचवायला म्हणून गाडी न्यूट्रल केली, तेव्हा मास्तरांनी बिबड्याचं नावही काढलं नाही. गाडी बाजूला घ्यायला लावली. "गियरमध्ये उतरताना पाय उचलला की आताच्या इंजिनात डिझेल जातच नाही. न्यूट्रलला नुसतं चालू राहायला पितं. आणि ब्रेक तापून लागले नाहीत, तर वाचवलेलं डिझेल तुझ्या तेराव्याच्या भट्टीत घालू का?" पोरगं घाट संपेपर्यंत गप्प होतं.

ड्रायव्हरांनी खरंच डिझेल वाचवलं. लगेच परिपत्रक निघालं : कमी डिझेलात फेरी होते हे सिद्ध झाल्याने यापुढे कमीच मिळेल, जादा लागल्यास पगारातून कापू. पाठोपाठ बक्षीस समारंभ. मालक थेंबाथेंबाचं महत्त्व सांगत होते आणि बाहेर निंबाखाली त्यांची गाडी एसी लावून घुरघुरत उभी होती. साहेब बसतील तेव्हा आत गार पाहिजे ना!

मास्तरांना शाल दिली, नारळ दिला आणि वर माइकही दिला. ती चूकच झाली.

"साहेब," मास्तर म्हणाले, "पोरांनी पाय हलका केला. आता बिबडं तुमच्या बुटाखाली हाये."

परिपत्रक मागे घेतल्याचं पत्र मीच टाइप केलं. पुढच्या प्रशिक्षणाला मास्तरांना बोलावू नये, हेही त्याच दुपारी टाइप केलं.