देव, ब्लेड आणि आयोमीच्या मातोश्री

माझा मेहुणा एरिक क्लॅप्टनचा भक्त आहे. भक्ताशी वाद घालू नये हे मला कळतं, तरी मी घालतो. विषय ठरलेला: साठ-सत्तरच्या दशकांतल्या रॉकवर सर्वांत जास्त छाप कोणत्या गिटारवाल्याची?

"भाऊजी, लंडनच्या भिंतीवर लोकांनी लिहिलं होतं, क्लॅप्टन देव आहे म्हणून. तुमच्या जेफ बेकसाठी कुणी चुना तरी खर्च केला का?"

लिहिलं होतं, हे खरं. इस्लिंग्टनमधल्या त्या भिंतीचा फोटोही प्रसिद्ध आहे. मात्र त्या फोटोत देवाच्या पायथ्याशी एक कुत्रा तंगडी वर करून उभा आहे, हे मेहुणा सांगत नाही. मी सांगतो.

मग मी १ ऑक्टोबर १९६६ काढतो. अमेरिकेहून आठवड्यापूर्वीच लंडनला उतरलेला जिमी हेंड्रिक्स रीजंट स्ट्रीटच्या पॉलिटेक्निकमध्ये क्लॅप्टनच्या 'क्रीम' बँडच्या कार्यक्रमाला गेला आणि मंचावर चढून त्यांच्याबरोबर वाजवू लागला. डावखुरा गडी, उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवणारा. गाणं संपायच्या आतच क्लॅप्टनचे हात थांबले आणि तो विंगेत निघून गेला, असं सांगतात.

"पाणी प्यायला गेला असेल," मेहुणा म्हणतो.

यापुढे चर्चा तज्ज्ञांच्या पातळीवर जाते, म्हणजे आम्ही दोघं एकदम बोलतो. क्लॅप्टन, बेक आणि जिमी पेज, तिघंही सरे परगण्यात वाढलेले आणि तिघंही 'यार्डबर्ड्स' या बँडमध्ये वाजवून गेलेले. कोणी कोणाचं काय उचललं, हे ठरवणं भावकीतल्या बांधाच्या भांडणाइतकं किचकट आहे.

मुळात आपण बोटांचं फार कौतुक करतो. १९६४ साली 'किंक्स' बँडच्या डेव्ह डेव्हिसनं आपल्या छोट्याशा अँप्लिफायरच्या स्पीकरचा पडदा चक्क ब्लेडनं फाडला. त्याला तो फाटका खरखराटच हवा होता! आमच्या घरी हा उद्योग कोणी केला असता तर तो स्वतःच फाटका निघाला असता. आज तसा आवाज काढणारी पेडलं पोरं पैसे मोजून घेतात.

पण माझं मत टोनी आयोमीच्या आईला. बर्मिंगहॅम, १९६५. १७ वर्षांच्या टोनीचा पत्र्याच्या कारखान्यातला शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला आणि आता परत जात नाही म्हणाला. आईनं सुनावलं, जा, काम नीट पुरं करून ये. गेला. यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. टोनीही डावखुराच, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं चिकटवलं, बँजोच्या बारीक तारा चढवल्या. पुढे 'ब्लॅक सॅबथ'मध्ये तारा ढिल्या करून स्वरही खाली उतरवला. हेवी मेटलचा तो अंगावर येणारा जडपणा या सगळ्या खटाटोपातून आलेला आहे.

"पण त्याची आई गिटार कुठे वाजवत होती?"

"छाप कुणाची ते विचारलंस. वाजवलं कुणी ते नाही."

इतका वेळ शेंगा सोलत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली. "जावईबापू, त्या पोराला कारखान्यानं भरपाई दिली की नाही?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मेहुण्यानं घसा खाकरला आणि पुन्हा क्लॅप्टनवर आला.