भारतीय कसे व्हावे : मारेगाव मुक्कामी नवख्यांसाठी

सर्वप्रथम योग्य देशातून पळा. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान चालतील. तिबेट चालत नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या नॉर्ग्येलिंग वसाहतीत तिबेटी १९७२ पासून आहेत, पण नागरिकत्व सुधारणा कायद्याची ही वाट त्यांची नव्हे. धर्म हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी किंवा ख्रिश्चन असावा. पाकिस्तानात छळ सोसलेले अहमदिया असाल तर पुढचे वाचण्याची तसदी घेऊ नका. सीमा ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत ओलांडलेली हवी. दार फोडायला आलेल्यांना तारीख आधीच विचारून ठेवलेली बरी.

राहायला नागपूरचा जरीपटका उत्तम, सिंधी माणसे तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावातच उतरलात तर तहसीलच्या पायऱ्या झिजवू नका. ११ मार्च २०२४ ला या कायद्याचे नियम आले, तेव्हापासून जिल्हा समितीचे प्रमुख डाक अधीक्षक असतात. अर्ज ऑनलाइन भरा आणि मूळ कागद घेऊन यवतमाळची एसटी धरा.

आता कागद. भारतीय व्हायचे तर आधी पाकिस्तानी असल्याचे सिद्ध करायचे. पासपोर्ट, जन्मदाखला, शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा, यांतले काहीही द्या. मुदत संपलेलेही चालते, ही मेहरबानी खरीच. ज्याने पळताना पोर उचलले आणि ट्रंक मागे ठेवली, त्याचे काय? त्याच्यासाठी पणजोबांची सोय आहे : पणजोबा त्या देशाचे नागरिक होते असा कागद चालतो. फक्त पणजोबा १९४७ च्या आधी वारलेले नसावेत. वारले असतील तर तेही आपल्या पणजोबांसारखे इंग्रजांचेच प्रजाजन.

धर्मासाठी स्थानिक प्रतिष्ठित संस्थेचे पत्र लागते. देव्हारा दाखवून भागत नाही. चारित्र्यासाठी एखाद्या भारतीयाचे प्रतिज्ञापत्र जोडा. त्या भारतीयाच्या चारित्र्याचा दाखला कोणी मागत नाही.

कागदांपायी जीव मेटाकुटीला आला तर तालुक्यातल्या एखाद्या पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, जाऊन बसा. कोलाम आजोबा कुठूनच आलेले नाहीत, तरी नातवाच्या जात पडताळणीसाठी १९५० पूर्वीचा कागद शोधताहेत. ते तुम्हाला चहा देतील आणि फाइल कशी बांधायची तेही सांगतील.

भाषेची अट सोपी आहे : आठव्या अनुसूचीतली एक भाषा यावी. सिंधी तिथे १९६७ पासून आहे, मराठी पहिल्यापासून. कोलामी नाही. तेव्हा आजोबांनी चुकूनही निर्वासित होऊ नये.

शेवटी निष्ठेची शपथ घ्या. प्रमाणपत्र मिळाले की पेढे वाटण्याआधी त्यावरचे नाव वाचा. उर्दूतून इंग्रजीत आणि तिथून देवनागरीत येताना एखादा काना गळालेला असतोच. मग ‘वरील दोन्ही नावांची व्यक्ती मीच’ असे आणखी एक प्रतिज्ञापत्र. ते मात्र मारेगावातच होते.